धावण्याआधी काय खाल्लं

सुईबाईच्या दिराने त्या वर्षी तीनदा मत बदललं, आणि तिन्ही वेळा नवं मत आपल्याला जन्मापासून ठाऊक होतं अशा थाटात सांगितलं.

सुईबाई हे नाव तिला धावणाऱ्यांनी दिलेलं. विद्यापीठात व्यायामशास्त्राची एक प्रयोगशाळा होती, तिथे ती बारा वर्षं तंत्रज्ञ होती. ट्रेडमिलवर घामाघूम होऊन पळणाऱ्या माणसाचं बोट धरायचं, सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि यंत्रावर आलेला साखरेचा आकडा तक्त्यात लिहायचा, हे तिचं काम. पळताना माणूस खोटं बोलू शकत नाही असं तिचं ठाम मत होतं. तोंडाने म्हणतो ‘मस्त वाटतंय’ आणि बोट सांगतं की याचं इंधन संपत आलंय. बारा वर्षं असे थेंब बघून तिचा माणसांच्या तोंडावरचा विश्वास उडाला होता, आणि आपल्या दिराच्या तोंडावर तर तो कधी बसलाच नव्हता.

दीर विमा कंपनीच्या कचेरीत होता. चार वर्षांपूर्वी दोन जिने चढला की दाराच्या चौकटीला धरून उभा राहायचा. मग डॉक्टरने दम भरला, हा पळायला लागला, आणि दोन बऱ्यापैकी शर्यती पुऱ्या केल्यावर त्याने एक टी-शर्ट करून घेतला. त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत ‘कोच’ असं छापलेलं होतं. त्याला कोच कोणी नेमलं, असं विचारायची सोय नव्हती. कचेरीतली चौदा माणसं दर रविवारी सकाळी बागेच्या फाटकापाशी जमू लागली. हा गळ्यात शिट्टी अडकवून त्यांच्यापुढे उभा राहू लागला, आणि महिन्याभरात घरातले सोडून सगळे त्याला कोचच म्हणू लागले.

पहिलं मत वसंतात आलं. कार्बोहायड्रेट म्हणजे विष. पाव बंद, बटाटा बंद, फळंसुद्धा बंद. अंडी, बदाम, चीज, बस्स. चरबीवर पळायला शरीराला शिकवायचं, असं तो म्हणे, जणू शरीर म्हणजे पहिलीच्या वर्गातलं पोर होतं. चौदा जणांचे चेहरे पंधरवड्यात ओढले गेले. एक जण दुपारी झेरॉक्सच्या यंत्रावर डोकं टेकून झोपलेला सापडला. त्यावर कोच म्हणाला, “हेच तर लक्षण आहे, शरीर बदलतंय.”

दुसरं मत जून लागताना आलं. कुठल्याशा व्हिडिओत कोणी खांदे रुंद असलेला माणूस काही बोलला होता. आता तीन दिवस नुसता पांढरा पाव, नूडल्स आणि बटाटे खायचे, पोट फुटेस्तोवर. याला तो ‘कोठार भरणं’ म्हणे. स्नायूंत साठलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात; हा शब्द तो दर वेळी वेगळा उच्चारी आणि दर वेळी तितक्याच आत्मविश्वासाने. विषाचं काय झालं, हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारण्याइतकी ताकद कोणात उरली नव्हती.

तिसरं मत पाकिटातून आलं. बोटाएवढं चकचकीत पाकीट, आत गोड, चिकट पाक. पळायच्या पाऊण तास आधी दोन पाकिटं पिळून घ्यायची. “रॉकेटला जमिनीवरच इंधन भरतात ना, वहिनी?” असं तो सुईबाईला म्हणाला. “हवेत गेल्यावर भरत नाहीत.”

सुईबाईने भांडी विसळता विसळता नळ जरा जास्त सोडला.

खरं म्हणजे या विषयात घरात कोणाला काही कळत असेल तर ते तिला. त्या वर्षी तिच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच काम चाललं होतं. बारा धावणारे. प्रत्येकाने उपाशीपोटी यायचं. एका दिवशी त्याला शिजवलेले जव आणि कडधान्यं द्यायची, म्हणजे रक्तात साखर हळूहळू उतरते असं खाणं. आठवड्याने त्याच माणसाला तेवढंच कार्बोहायड्रेट गोड पेयातून द्यायचं. दोन्ही वेळा पाऊण तास बसवायचं आणि मग थकून थांबेपर्यंत पळवायचं. गोड पेयाने साखर सरसर वर जाते, ती खाली आणायला शरीर इन्सुलिन सोडतं, आणि नेमकं त्याच वेळी माणूस पळायला लागला की स्नायूही साखर ओढू लागतात. दोघं मिळून ओढतात आणि आकडा धाडकन कोसळतो. सुईबाईने हे कोसळणं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण कोचने तिला कधी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायला ती काय त्याच्या कचेरीत कामाला होती?

हा प्रयोग चालवणारे प्रोफेसर मात्र तिच्याइतके खात्रीने बोलत नसत. ते लांबट चेहऱ्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. ‘असं म्हणता येणार नाही’ हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा त्यांनी तिला पडद्यावर सगळ्या रेषा दाखवल्या. “हे बघा, साखर खाली बहुतेकांची जाते. पण निम्म्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. अर्ध्या तासात आपोआप वर येते आणि ते पळतच राहतात. हळू उतरणारं खाणं खाऊन सात जण जास्त वेळ पळाले, तीन जण कमी, दोघं तेवढेच. यावरून सगळ्यांना एकच सल्ला द्यावा, असं म्हणता येणार नाही.”

सुईबाईने मान हलवली आणि फक्त ते सात जण लक्षात ठेवले.

आता ताईबद्दल. ताई म्हणजे सुईबाईच्या नवऱ्याची मोठी बहीण, वय एकोणपन्नास. शाळेची बस चालवायची. दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची आणि रविवारी दुपारी जेवायला यायची. तीन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला परगावी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा ती सकाळची बस काढायच्या आधी पळू लागली. कोणाला सांगितलं नाही. घड्याळ नाही, टी-शर्ट नाही, बूट मुलीचे जुने. एके दिवशी सुईबाईचा नवरा पहाटे दूध आणायला गेला, तेव्हा ती त्याच्या शेजारून सुसाट निघून गेली आणि त्याला वाटलं, ताईची बस चुकली. ताईच बस चालवते, हे त्याला दोन मिनिटांनी आठवलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. घरातल्या कुठल्याही भांडणात एखाद्या घड्याळाचं झाकण उघडून त्यात डोकं घालायची त्याला सवय होती, त्यामुळे जगात काय चाललंय हे त्याला नेहमी जरा उशिराच कळे.

कोचला हे कळलं आणि त्याने बहिणीला गटात ओढलं. त्याच्या चौदा जणांत दहा किलोमीटरच्या पुढे धड कोणी जात नव्हतं. ताई गप्प बसून वीस जायची. शरद ऋतूत तीस किलोमीटरची शर्यत होती आणि त्याला दाखवायला कोणीतरी हवंच होतं.

जुलैतल्या एका रविवारी जेवणं झाल्यावर कोच पाकिटांचं खोकं टेबलावर ठेवून बोलत होता. ताई एक पाकीट हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होती. मग तिने ते सुईबाईपुढे धरलं.

“अगं, तू रोज हेच बघतेस ना? हे घ्यावं का मी? तुझं काय म्हणणं आहे?”

कोचने हाताची घडी घातली. नवऱ्याने खिशातून भिंग काढलं. सुईबाईला त्या एका क्षणात सगळं सांगता आलं असतं: मला जे दिसलंय ते असं आहे, तुम्ही आधी एकदा सावकाश पळून बघा. तेवढंच पुरलं असतं. पण तीन महिने कोणी विचारलं नव्हतं त्याचा राग साचला होता. ती गोड हसली.

“मला काय कळतंय ताई? मी नुसती सुया टोचते. कोच सांगतायत ना, मग तसंच करा. दोन काय, चार घ्या.”

कोच खूश झाला. “बघ,” तो ताईला म्हणाला, “वहिनीपण म्हणतायत.”

सुईबाई ताटं उचलून आत गेली. आपण काय झणझणीत बोललो, याचं तिला दुपारभर समाधान होतं.

पुढच्या रविवारी गटाची पंचवीस किलोमीटरची चाचणी होती, कालव्याच्या काठाच्या रस्त्यावर, ज्याला जमेल तिथवर. ताईने सकाळी काही खाल्लं नाही, कारण कोचने तसं सांगितलं होतं. पळायच्या पाऊण तास आधी तिने पाकिटं घेतली. चार. मग ती पळाली. चौथ्या किलोमीटरला तिचे हात थरथरायला लागले. पाचव्याला अंगाला गार घाम सुटला आणि समोरचा रस्ता कडेकडेने काळा होत आत येऊ लागला. बसावं म्हणून ती कठड्याकडे वळली आणि कठड्यापर्यंत पोचायच्या आतच तोंडावर पडली. हनुवटी फुटली.

कोच पुढे होता. शिट्टी वाजवत आणि वेळा मोजत. त्याला वीस मिनिटांनी कळलं.

मागून येणाऱ्या दोघांनी तिला उठवलं, कोणीतरी फळाचा रस पाजला, कोणीतरी रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत रस पोटात जाऊन पंधरा मिनिटं झाली होती. रुग्णवाहिकेतल्यांनी साखर तपासली तर ती अगदी नीट. रक्तदाब नीट. म्हणून त्यांनी कागदावर लिहिलं: अचानक शुद्ध हरपली, कारण अज्ञात. इस्पितळात हनुवटीला पाच टाके घातले.

इथवर घरातल्या घरात निभावलं असतं. पण गटातल्या एकाची मुलगी ताईच्याच बसने शाळेत जात होती. त्याने बायकोला सांगितलं, बायकोने शाळेला, शाळेने डेपोला. बुधवारी डेपोच्या व्यवस्थापकाने ताईला बोलावून तिच्याकडून किल्ली मागून घेतली.

“तुम्हाला फीट आली होती म्हणे,” तो म्हणाला.

“फीट नाही. चक्कर आली.”

“कशामुळे?”

ताईकडे उत्तर नव्हतं. कागदावरही नव्हतं. मागच्या सीटांवर चाळीस मुलं बसवून, कारण अज्ञात असलेल्या बाईच्या हाती चाक देणं त्याला शक्य नव्हतं, आणि त्यात त्याचं चुकलंही नव्हतं. तिला डेपोच्या कचेरीत बसवलं, हरवलेल्या दप्तरांच्या आणि डब्यांच्या नोंदी करायला. एकोणीस वर्षं बस चालवलेली बाई सकाळी सात वाजता खिडकीतून दुसऱ्या कोणाला तरी आपली बस बाहेर काढताना बघत बसू लागली. हृदयाची तपासणी झाली, मेंदूची झाली. सगळं उत्तम. फक्त कारण तेवढं कोणाला देता येईना.

कोचने काय केलं, तर त्याने कारणं शोधली. आदल्या दिवशी ताई पाणी कमी प्यायली असणार. बूट जुने. वय. “तिचं मानसिक बळ कमी पडलं,” असंही तो एकदा म्हणाला. सुईबाईने त्याच्यापुढे चहाचा कप इतक्या जोरात ठेवला की निम्मा बशीत आला. पण मग ती आत निघून गेली, कारण त्या वेळेपर्यंत तिला ‘दोन काय, चार घ्या’ हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येत होतं, स्वतःच्याच आवाजात.

तिने प्रोफेसरांना गाठलं.

“आपल्या दुसऱ्या तुकडीतला एक धावणारा सोडून गेलाय ना? माझ्या नणंदेला घ्या.”

“नातेवाईक आहेत.”

“बोट त्यांचं आहे, आकडा यंत्राचा आहे. नात्याचा संबंध कुठे येतो?”

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. घडलेला प्रकार ऐकून घेतला. “त्यांच्या डॉक्टरांचं पत्र लागेल. आपले डॉक्टर खोलीत हजर असतील. आणि त्यातून काही निघेलच,” ते म्हणाले, “असं म्हणता येणार नाही.”

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी ताई प्रयोगशाळेत आली. भिंतीला लागून ट्रेडमिल, एका बाजूला पट्ट्यांची आणि कापसाची गाडी, खिडकीत कोणाची तरी वाळत घातलेली मोज्यांची जोडी. तिने सगळीकडे बघितलं आणि विचारलं, “इथे बारा वर्षं?” सुईबाई म्हणाली, “तुमच्या बसमध्ये एकोणीस.”

त्या दिवशी गोड पेयाची पाळी होती. उपाशीपोटी आकडा अठ्ठ्याऐंशी आला. पेय घेऊन पाऊण तासाने एकशे बासष्ट. ताई पळू लागली. छान पळत होती, खांदे सैल, पावलांचा आवाज एकसारखा. दहाव्या मिनिटाला चौऱ्याण्णव. पंधराव्याला एकाहत्तर. विसाव्या मिनिटाला सुईबाईने तिचं बोट धरलं तेव्हा ते गार होतं आणि थरथरत होतं. आकडा आला एकावन्न.

“थांबवा,” डॉक्टर म्हणाले.

तिला बाकावर बसवून रस दिला. अंगावर टॉवेल टाकला. दहा मिनिटांत तिचा रंग परत आला. प्रोफेसर तक्ता घेऊन पलीकडे डॉक्टरांशी बोलत होते. सुईबाई तिच्याजवळ बसली. बोटावरचा कापूस तिने स्वतःच धरून ठेवला होता, गरज उरली नव्हती तरी.

“ताई, त्या दिवशी जेवताना मी म्हटलं ना, चार घ्या...”

“हं.”

“ते खरं म्हणून नव्हतं म्हटलं. टोमणा होता तो.”

“मला कळलं होतं टोमणा आहे ते,” ताई म्हणाली. “मी काय कुक्कुलं बाळ आहे? पण टोमणा पाकिटावर होता, का त्याच्यावर, का माझ्यावर, ते कळलं नाही. मला वाटलं, तुम्हा दोघांच्या चढाओढीत आपण कशाला पडा. घेऊन टाकू.”

सुईबाईने कापूस आणखी घट्ट दाबला.

“तो बोलून बोलून शहाणा,” ताई पुढे म्हणाली, “आणि तू गप्प बसून. मधल्यामध्ये माझी हनुवटी फुटली. सोड तो कापूस आता, रक्त केव्हाचं थांबलंय.”

तिने कापूस सोडला. दिरावर ओतायला तिने वर्षानुवर्षं जमवलेला तिरस्कार थोडा थोडा करून तिच्याच पदरात पडत होता, आणि तो किती कडू लागतो, हे तिला बसल्या जागी कळत होतं.

आठवड्याने दुसरी पाळी झाली. शिजवलेले जव, कडधान्यं, एक सफरचंद. “याला काही चव?” ताई म्हणाली, पण वाटी संपवली. उपाशीपोटी शहाऐंशी, खाल्ल्यावर एकशे बारा, पळताना अठ्ठ्याण्णव, ब्याण्णव, नव्वद, एक्क्याण्णव. ती एक तास छत्तीस मिनिटं पळाली आणि शेवटी पाय दुखले म्हणून थांबली. सुईबाईला तिच्या बोटात सुई टोचता टोचता कंटाळा आला, इतकं काही घडत नव्हतं. तिच्या आयुष्यात तिला इतका बरा वाटलेला कंटाळा दुसरा नव्हता.

डॉक्टरांनी दोन्ही तक्ते जोडून पत्र लिहिलं: फीट नाही. उपाशीपोटी जास्त गोड घेऊन पाऊण तासाने पळाल्यामुळे रक्तातली साखर एकदम खाली जाते. गाडी चालवण्यास हरकत नाही. डेपोच्या व्यवस्थापकाने ते दोनदा वाचलं, दोन्ही तक्त्यांवरून बोट फिरवलं आणि किल्ली टेबलावरून तिच्याकडे सरकवली. “मग आता गोड खाऊन पळू नका,” तो म्हणाला. ताई म्हणाली, “तुम्ही खाऊन बसा, चालेल.” सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ती बस काढून गेली.

तीस किलोमीटरच्या शर्यतीचं काय, हा प्रश्न होताच. घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की ती आता पळणार नाही. तिने नाव काढून घेतलं नव्हतं.

“तुझ्याकडचं ते बेचव काय होतं, ते कसं शिजवतात?” तिने सुईबाईला विचारलं.

या वेळी सुईबाईने सांगितलं. किती पाणी, किती वेळ, किती तास आधी. पळायला तीन तास असताना खा, म्हणजे पोटही हलकं होईल. वाटेत प्रत्येक पाणपोईला थोडं थोडं गोड घ्या, पळताना घेतलं तर साखर कोसळत नाही. हे चार रविवार आधी करून बघा, शर्यतीच्या दिवशी नवं काही नको. एकाही वाक्यात तिने कोणाला चिमटा काढला नाही. ते फार अवघड गेलं. कोच शेजारीच बसला होता.

“जव म्हणजे घोड्यांचं खाणं,” कोच म्हणाला.

“घोडे बरे पळतात,” ताई म्हणाली.

शर्यतीच्या सकाळी सुईबाई बाविसाव्या किलोमीटरच्या पाणपोईवर स्वयंसेवक म्हणून उभी राहिली. लोकांना वाटलं, नणंदेसाठी. ते निम्मंच खरं होतं. कोचने सुरुवातीआधी ठरल्याप्रमाणे पाकिटं घेतली होती, खोक्यापुढे फोटो काढून घेऊन. बाविसाव्यापर्यंत हा पांढराफटक होऊन, पाय फरफटत, शिट्टी दातांत धरून येणार, हे तिने मनात इतक्यांदा रंगवलं होतं की कागदी पेले भरताना तिला त्याचे गुडघे मुडपलेलेसुद्धा दिसत होते. आपण शांतपणे त्याच्या हातात रस द्यायचा आणि काही बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. न बोलण्याचीही तिने तयारी करून ठेवली होती. गप्प बसून शहाणी, असं ताई म्हणाली होती ते खरंच होतं.

कोच आला. गालांवर लाली, चाल झोकदार. पेला घेतला, “वहिनी, टकाटक,” म्हणाला आणि गेला. पाठीवरचं ‘कोच’ वळणावर दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली. कुठेही फरफट नव्हती.

सहा मिनिटांनी ताई आली. खांदे सैल, पावलं एकसारखी. पेला घेताना थांबली, पाणी नीट प्यायली, तोंड पुसलं. “भूक लागलीय,” म्हणाली आणि पुढे निघाली.

कोच तीन तास अठरा मिनिटांत पोचला, ताई तीन तास चोवीसमध्ये. तिच्या वयाच्या बायकांत ती दुसरी आली. संध्याकाळी घरात कोचने उभं राहून भाषण केलं. माझ्या मार्गदर्शनाखाली, तो म्हणाला, एक पन्नाशीची बाई, जी जुलैत पाच किलोमीटरला पडली होती, ती आज तीस पळाली. पाच किलोमीटरला ती का पडली, हे भाषणात नव्हतं. नवरा घड्याळाचं झाकण उघडणार एवढ्यात सुईबाईने त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा नाइलाजाने तोंड उघडलं आणि भावाला विचारलं, “पण ती तुझं ऐकून पडली होती ना रे?”

“तो प्रक्रियेचा भाग होता,” कोच म्हणाला.

ताई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती, तिसऱ्यांदा वाढून घेत होती. तिला भाषणाशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोच सुईबाईकडे आला. “वहिनी, माझंही करून घ्या की तुमच्या यंत्रावर. गोडाचं. पाकीट वाईट म्हणता ना तुम्ही लोक? एकदा होऊनच जाऊ दे.”

प्रोफेसरांना आणखी एक माणूस हवाच होता. कोच टी-शर्ट घालून आला, आणि खोलीतल्या प्रत्येकाला पाठ दिसेल अशा बेताने वावरला. उपाशीपोटी ब्याण्णव. पेयानंतर एकशे सत्तेचाळीस. तो पळू लागला. सुईबाईने दहाव्या मिनिटाला त्याचं बोट धरलं. ते गरम होतं. एकशे तीन. विसाव्या मिनिटाला तिने पुन्हा सुई टोचली. पट्टीवर थेंब गेला, यंत्राने थोडा वेळ घेतला.

ब्याऐंशी.

चाळिसाव्या मिनिटाला नव्वद. पुढे एका रेषेत, पार शेवटपर्यंत. तो पळता पळता बोलतही होता, ग्लायकोजेनबद्दल, आणि उच्चार पुन्हा चुकीचा.

“काही कोसळलं का, वहिनी?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग मी काय सांगत होतो?”

“तुम्ही चौदा जणांना सांगत होतात, भाऊजी. हे एकट्या तुमचं आहे.”

“माझं म्हणजे सगळ्यांचंच,” तो म्हणाला आणि वेग वाढवायची खूण केली.

प्रोफेसर मागून तक्त्यात डोकावले. “त्या निम्म्यांतले दिसतायत,” ते म्हणाले. “यांना पाकीट चालतं.” आणि पहिल्यांदाच पुढे काही जोडलं नाही.

सुईबाईच्या मनात बरंच काही आलं. आकडा पुसट लिहावा असंही क्षणभर आलं, आणि त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने पेन घट्ट धरलं. त्याच्या नावापुढच्या रकान्यात तिने ब्याऐंशी लिहिलं, मग नव्वद, मग त्यापुढचे सगळे, वाचता येतील अशा अक्षरात. एका तासाने कोच दमून उतरला आणि टॉवेल मागू लागला. तिने त्याला टॉवेल दिला.